दक्षिण ध्रुवाचे ओझे कोणी ओढले?

श्रोतेहो, शाळेच्या कपाटावर पृथ्वीचा गोल ठेवलेला असतो. तो उचलून उलटा धरला, तर अगदी तळाशी, जिथे गोलाचा आस चकतीत अडकवलेला असतो, तिथे एक पांढरा प्रदेश दिसतो. थोडासा त्या चकतीखाली झाकलेलाही असतो, म्हणून मुलांना तो लहान वाटतो. पण हा अंटार्क्टिका खंड आपल्या भारताच्या चौपटीहून मोठा आहे. त्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचे बर्फ बसले आहे. तिथे कधी कोणी गाव वसवले नाही, कोणी शेत नांगरले नाही. किनाऱ्यावर पेंग्विन पक्षी आणि सील नावाचे जलचर प्राणी असतात. आत शिरले की गवताची काडी नाही, की चुलीत घालायला काटकी नाही.

अशा मुलखात जो शिरेल त्याने सगळे बरोबर न्यायचे. खायला अन्न, बर्फ वितळवायला रॉकेल, निजायला तंबू. पाणीसुद्धा जळण असेल तरच मिळायचे. ध्रुवाच्या गोष्टी आपण ऐकतो त्या वीरांच्या असतात, झेंड्यांच्या असतात. आज मी तुम्हांला त्याच गोष्टीची दुसरी बाजू सांगणार आहे. ती ओझ्याची आहे. हे ओझे कोणी ओढले, आणि कोणाला झेपले नाही?

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको. गाडी बाजाराला निघाली की कडब्याच्या चार पेंढ्या आधी गाडीत पडतात. वाट एका दिवसाची असेल तर बिघडत नाही. पण वाट शंभर दिवसांची असली आणि वाटेत कुठेही वैरण मिळणार नसली तर? मग बैलांनी ओढायची ती स्वतःचीच वैरण! किनाऱ्यावरच्या तळापासून ध्रुवापर्यंत जाऊन परत येणे म्हणजे जवळजवळ २८०० किलोमीटर. मुंबईहून कलकत्त्यास पायी जायचे आणि तसेच जवळजवळ निम्म्या वाटेपर्यंत मागे यायचे, एवढे ते अंतर. एका माणसाचा रोजचा सुका शिधा जेमतेम एक किलोचा धरला, तरी पाच महिन्यांचा दीडशे किलो होतो. म्हणून आधीच्या उन्हाळ्यात अर्ध्या वाटेपर्यंत शिधा नेऊन बर्फात पुरून ठेवायचा, वर निशाण लावायचे आणि परत यायचे, अशी रीत पडली. या शिध्याच्या कोठारांना पुढे फार महत्त्व येणार आहे, तेव्हा ती ध्यानात ठेवा.

आता आधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक याने १७७३ साली दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले, आणि १७७४ च्या जानेवारीत तो ७१ अंशांच्या पलीकडे गेला. पुढे बर्फाची भिंत लागली, जमीन काही दिसली नाही. तो मागे फिरला. १८२० च्या जानेवारीत रशियाचा बेलिंग्सहाउझेन आणि इंग्रजांचा ब्रॅन्सफील्ड या दोघांना, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, या खंडाच्या कडा दिसल्या. १८४१ साली जेम्स रॉस दोन शिडाची जहाजे घेऊन बर्फ फोडीत आत शिरला आणि त्याला समुद्रावर तरंगणारे एक सपाट बर्फाचे पठार दिसले. त्याच्या कडा सरळ तुटलेल्या, उंच, आणि लांबी शेकडो किलोमीटर. ध्रुवाकडे जाणाऱ्यांना पुढे याच पठारावरून जायचे होते.

त्यानंतर पन्नास-साठ वर्षे तिकडे फारसे कोणी फिरकले नाही. सील आणि देवमासे मारणारे जात, पण त्यांचे लक्ष तेलावर. १८९८ मध्ये ‘बेल्जिका’ हे बेल्जियमचे जहाज बर्फात अडकले आणि त्यावरच्या लोकांना तिथला हिवाळा नाइलाजाने काढावा लागला. महिनोन् महिने सूर्य नाही. डबाबंद अन्न खाऊन हिरड्या सुजू लागल्या, पाय जड झाले, म्हणजे स्कर्व्ही लागली. तेव्हा जहाजावरच्या डॉक्टर कुकने (हा दर्यावर्दी कुक नव्हे, हा अमेरिकन) सगळ्यांना सीलचे आणि पेंग्विनचे ताजे मांस खायला लावले. चव अशी, की काहींनी आधी तोंड फिरवले. पण माणसे सुधारली. त्या जहाजावर रोआल्ड आमुंडसेन नावाचा पंचविशीतला नॉर्वेजियन खलाशी होता. तो हे सगळे नीट पाहून ठेवीत होता. ‘क’ जीवनसत्त्वाचा शोध लागायला अजून तीसएक वर्षे होती, पण औषध त्याच्या पानात येऊन पडले होते.

पुढच्याच वर्षी बोर्कग्रेविंक याच्या मंडळींनी खंडाच्या जमिनीवर झोपडी बांधून हिवाळा काढला. त्यांनी पंचाहत्तर कुत्री नेली होती. दक्षिणेकडच्या बर्फावर कुत्र्यांनी स्लेज, म्हणजे बिनचाकी घसरगाडी, ओढण्याची ही सुरुवात.

इंग्लंडात मात्र कुत्र्यांविषयी मन साशंक होते. तिथल्या भूगोल संस्थेचे अध्यक्ष सर क्लेमंट्स मार्कहॅम हे या मोहिमांमागचे मोठे सूत्रधार. आपल्याकडे हिवतापावर जे कोयनेल देत, त्याच्या सिंकोना झाडाची रोपे दक्षिण अमेरिकेहून आणून १८६० च्या सुमारास निलगिरीत रुजवण्याच्या कामात पुढाकार याच गृहस्थांचा. माणूस मोठा कर्तबगार, पण एक ग्रह पक्का: माणसांनी स्वतः छातीला पट्टा लावून गाडी ओढावी, हेच खरे मर्दाचे काम. त्यांनी निवडलेला पुढारी म्हणजे नौदलातला रॉबर्ट स्कॉट. १९०१ साली ‘डिस्कव्हरी’ जहाजातून तो दक्षिणेला गेला. कुत्री त्यानेही नेली होती. पण त्यांच्यासाठी घेतलेले सुके मासे उष्ण कटिबंधातून जाताना खराब झाले, आणि ती नासकी मासळी खाऊन कुत्री एकामागून एक मेली. शेवटी शेवटी तर अशक्त कुत्री मारून उरलेल्यांना घालावी लागली. स्कॉटला ते पाहवेना. मारण्याचे काम डॉक्टर विल्सनकडे आले. १९०२ च्या डिसेंबरअखेर स्कॉट, विल्सन आणि शॅकल्टन ८२ अंशांपलीकडे पोचून मागे फिरले, ते स्वतः गाडी ओढीत. शॅकल्टन तर रक्ताची थुंकी टाकीत होता.

या प्रवासातून स्कॉटने धडा घेतला, की कुत्र्यांवर विसंबू नये. खरे पाहता दोष कुत्र्यांचा नव्हता, दाण्याचा होता. आणि हाकणाऱ्यांचाही. जनावर नवे, हाकणारा नवा आणि दाणा नासका, मग गाडी कशी चालावी?

बरा झाल्यावर शॅकल्टनने स्वतःची मोहीम काढली. त्याने कुत्र्यांऐवजी मांचुरियाची तट्टे घेतली. दहा चढवली, आठ उतरली, आणि महिन्याभरात चारच उरली. याचे एक कारण ऐकून गुराखीही हळहळेल. तट्टांना मीठ मिळत नव्हते. किनाऱ्यावरची ज्वालामुखीची वाळू समुद्राच्या तुषारांनी खारट झालेली, ती त्यांनी चाटून चाटून पोटात घातली, आणि ती पोटफुगीने मेली. मिठाचा खडा गोठ्यात टांगला असता तर? उरलेल्या चार तट्टांवर शॅकल्टन १९०८ च्या ऑक्टोबरअखेर निघाला. शेवटचे तट्टू हिमनदीवरच्या भेगेत दिसेनासे झाले. त्यापुढे चौघे गडी स्वतः ओढत राहिले आणि १९०९ च्या ९ जानेवारीस ८८ अंश २३ कला इथवर पोचले. ध्रुव उरला होता फक्त १८० किलोमीटर! पण शिधा संपत आला होता. शॅकल्टन मागे फिरला आणि चौघेही जिवंत परत आले. घरी आल्यावर बायकोला तो म्हणाला म्हणतात, की मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत गाढव तुला बरे वाटेल, असे मला वाटले. माझ्या मते या सगळ्या इतिहासात यापेक्षा शहाणे पाऊल कोणी टाकले नाही.

आता आपण १९१० सालाशी येतो. स्कॉट पुन्हा निघाला, ‘टेरा नोव्हा’ जहाजातून. आणि ऑस्ट्रेलियात पोचल्यावर त्याला तार मिळाली, की आमुंडसेनही दक्षिणेला निघाला आहे.

आमुंडसेनची तयारी एका शब्दात सांगता येते: कुत्री. ग्रीनलंडची निवडक कुत्री, त्यांत वाटेत झालेली पिले मिळून शंभराच्या वर उतरली. हाकणारे लहानपणापासून बर्फात वाढलेले. तळावर सील मारून मांसाचे ढीग घातले. माणसांनी खाल्ले, कुत्र्यांनी खाल्ले. इथे कुत्र्याचा आणि घोड्याचा फरक लक्षात घ्या. घोड्याच्या अंगाला घाम येतो, तो कातडीवर गोठतो, म्हणून दर मुक्कामाला त्याच्यासाठी बर्फाच्या विटांची आडोशाची भिंत उभारावी लागते. कुत्र्याच्या अंगाला तसा घाम येत नाही. ते शेपटीत नाक खुपसून बर्फात निजते आणि वर बर्फ साचले तरी ऊब धरते. घोड्याचे खूर भुसभुशीत बर्फात पोटापर्यंत रुततात, कुत्रे वरून धावते. घोड्याच्या घासाघासाची वैरण जहाजातून न्यावी लागते, कुत्र्याचे खाणे तिथल्या समुद्रातच आहे. आणि शेवटची, बोलायला कठीण गोष्ट: कुत्रे कुत्र्यालाही खाते.

स्कॉटने सगळेच थोडे थोडे घेतले. तीन मोटार घसरगाड्या, तेहतीस कुत्री आणि एकोणीस तट्टे. एक मोटार उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली. तट्टांची खरेदी सैबेरियाकडे झाली, ती कुत्र्यांच्या जाणकाराकडून. घोड्यांचा जाणकार लॉरेन्स ओट्स हा त्या वेळी हिंदुस्थानात होता. घोडदळातला हा कॅप्टन इंदूरजवळच्या महूच्या छावणीत नोकरीला होता. तिथूनच त्याने मोहिमेसाठी अर्ज केला, आणि वर स्वतःचे एक हजार पौंड मोहिमेला दिले. बैल घ्यायला गेलेला आपला शेतकरी दात बघतो, खांद बघतो, चालवून बघतो. इथे आधी रंग बघितला गेला! शॅकल्टनची गडद रंगाची तट्टे आधी मेली होती, म्हणून स्कॉटला पांढरी हवी होती. ओट्सने तट्टे पाहिली तेव्हा त्याने कपाळाला हात लावला असेल. म्हातारी, लंगडी, खोकणारी जनावरे. त्याने न्यूझीलंडात पदरच्या पैशाने जादा दाणा घेतला आणि गुपचूप जहाजात चढवला. पुढे वर्षभर त्या तट्टांची जी काही काया राखली गेली ती त्याच्या हातांनी.

या मोहिमेतला आणखी एक जण आपल्याकडच्या नोकरीतून गेला होता, हेन्री बॉवर्स. तो रॉयल इंडियन मरीन या दलात होता, ज्याचा मुख्य तळ मुंबईस असे.

श्रोतेहो, आता १९११ चा फेब्रुवारी. माझ्या मते सगळी गोष्ट या महिन्यावर फिरते, ध्रुवावरच्या त्या दिवसावर नव्हे. स्कॉटची माणसे आठ तट्टे घेऊन बर्फाच्या पठारावर शिध्याचे मोठे कोठार घालायला निघाली होती. बेत असा, की ते ८० अंशांवर घालायचे. तट्टे रुतू लागली. त्यांच्या खुरांना बांधायला तार आणि बांबू यांच्या गोल चकत्या केल्या होत्या. त्या बांधल्या की जनावर वरच्या वर चाले. पण चकत्यांची एकच जोडी बरोबर घेतलेली होती, बाकी तळावर. तीन अगदी थकलेली तट्टे मागे धाडली. उरलेल्या पाचांतले एक मेटाकुटीला आले. वादळ झाले, थंडी वाढली.

ओट्सचे म्हणणे असे पडले, की पुढे चला, जे तट्टू पडेल ते मारा, त्याचे मांस तिथेच पुरून ठेवा, पण कोठार ८० अंशांवरच घाला. बोलणारा निर्दय नव्हता. रात्र रात्र त्या जनावरांपाशी जागणारा तोच होता. स्कॉटने ऐकले नाही. जनावरांचे हाल आता पुरे झाले, अशा अर्थाचे तो बोलला. याचा तुम्हांला पश्चात्ताप होईल, असे ओट्सने उत्तर दिले. बरोबर असलेल्या ग्रान नावाच्या नॉर्वेजियन तरुणाने हे पुढे सांगितले आहे. १७ फेब्रुवारीला, ७९ अंश २९ कला इथे, सुमारे एक टन सामान पुरले. बेतापेक्षा ५७ किलोमीटर अलीकडे. त्याचे नावच ‘एक टनाचे कोठार’ असे पडले.

आणि ज्या तट्टांसाठी मागे फिरले त्यांचे काय झाले? परतीच्या वाटेवर दोन थंडीने गेली. ते मेटाकुटीला आलेले एकही परतताना मेले. तीन समुद्रावरच्या बर्फाच्या तुकड्यांवर अडकली, भोवती शिकारी देवमासे फिरत होते, तीही गेली. आठांतली दोन घरी आली. म्हणजे दया केली, पण ज्यांच्यावर केली तीही जगली नाहीत. दया करू नये, असे मला म्हणायचे नाही. मरतुकडे जनावर ज्याने स्वतःच्या हाताने सांभाळले आहे, त्याला स्कॉटचे मन कळेल. पण पाच माणसांची पुढच्या वर्षीची भाकरी त्या दिवशी ५७ किलोमीटर अलीकडे पुरली गेली, हे खरे आहे.

तिकडे आमुंडसेनने ८०, ८१ आणि ८२ अंशांवर तीन कोठारे घातली. धुक्यात चुकू नये म्हणून प्रत्येक कोठाराच्या दोन्ही अंगांना आडव्या ओळीत निशाणे रोवली. वाट चुकून दहा किलोमीटर बाजूला गेलात तरी एखादे निशाण दिसायचेच. त्याच्याही चुका झाल्या. सप्टेंबरात घाई करून तो निघाला, थंडीने मार खाऊन परतला आणि आपल्या माणसांशी भांडण ओढवून घेतले. पण ऑक्टोबरात पाच माणसे, चार गाड्या आणि बावन्न कुत्री घेऊन तो पुन्हा निघाला. डोंगर चढून वर गेल्यावर त्यांनी चोवीस कुत्री मारली, ठरल्याप्रमाणे. त्या जागेला त्यांनी ‘खाटीकखाना’ असे नाव दिले. महिनोन् महिने जी कुत्री पुढे धावली त्यांना मारताना त्या माणसांची तोंडे उतरली होती. तरीही मांस त्यांनी खाल्ले आणि कुत्र्यांना घातले. १९११ च्या १४ डिसेंबरला ते ध्रुवावर पोचले. परत तळावर आले ते माणसे पाचच्या पाच, आणि कुत्री अकरा.

यावरून कोणी म्हणेल, एक दयाळू आणि एक निर्दय, असा हा सामना होता. हिशेब इतका सोपा नाही. स्कॉटची दहा तट्टे १ नोव्हेंबरला निघाली. वाटेत एकेक गोळी घालून मारली, आणि ९ डिसेंबरला हिमनदीच्या पायथ्याशी उरलेली पाच मारली. चार दिवसांच्या वादळात ओला बर्फ अंगावर घेऊन ती आधीच अर्धमेली झाली होती. त्या मुक्कामाचे नाव इंग्रजांनीही ‘कत्तलखाना’च ठेवले. दोन्ही बाजूंनी जनावरे मेली. फरक एवढाच, की आमुंडसेनने ते निघण्यापूर्वी वहीत मांडले होते, आणि स्कॉटला दर वेळी ते वाटेत गिळावे लागले.

हिमनदीच्या पायथ्यापासून पुढे ओझे माणसांच्या छातीवर आले. बारा माणसे, तीन गाड्या, माणशी सुमारे नव्वद किलो. जे कुत्र्यांचे गट तिथवर आले होते ते परत पाठवले. ४ जानेवारी १९१२ रोजी शेवटची सोबत मागे फिरली आणि पाच जण पुढे गेले: स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एडगर एव्हान्स. तंबू आणि शिध्याच्या पुड्या चौघांच्या मापाच्या होत्या, आणि गेले पाच. १७ जानेवारीला ते ध्रुवावर पोचले, तो तिथे नॉर्वेचे निशाण. महिन्यापूर्वीचे कुत्र्यांचे माग बर्फात स्पष्ट उमटलेले होते.

परतीची वाट १३०० किलोमीटरांची, आणि शिधा असा: माणशी रोज सुमारे साडेचारशे ग्रॅम बिस्किटे, साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर चरबीत कालवलेले सुके मांस, थोडे लोणी, साखर, कोको आणि चहा. बसून खाणाऱ्याला हे पुष्कळ झाले. पण दिवसभर गाडी ओढणाऱ्याला ते अपुरे होते, हे आज हिशेबाने सांगता येते. शरीर आपलेच मांस जाळू लागते. त्यात ‘क’ जीवनसत्त्वाचा अंशही नाही. शिवाय कोठारांतले रॉकेल कमी भरू लागले. डब्यांच्या बुचांचे चामडे थंडीने आकसले आणि तेल झिरपून गेले. आमुंडसेनने आपले डबे डाग देऊन बंद केले होते. पैशांचे काम, पण त्याच्यावाचून पाणी वितळत नाही आणि ओले मोजे वाळत नाहीत.

अशा स्थितीतही ८ फेब्रुवारीला ते एका डोंगराच्या कडेला थांबले आणि त्यांनी दगड गोळा केले. कोळशाचे थर दिसत होते, दगडांत पानांचे ठसे होते. सोळा किलो दगड त्यांनी गाडीवर ठेवले आणि शेवटपर्यंत टाकले नाहीत. यावर कोणी हसते, कोणी चिडते. मला ते निराळे वाटते, आणि त्याचे कारण आपल्या घराजवळ आहे. त्यांतले जिभेच्या आकाराचे पान ग्लोसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीचे होते. तेच पान आपल्याकडे नागपूरजवळ कामठीच्या खडकांत आणि चंद्रपूरकडच्या कोळशाच्या पट्ट्यात सापडते. गोंडांच्या मुलखावरून या खडकांना गोंडवन हे नाव मिळाले, आणि एके काळी भारत आणि अंटार्क्टिका एकाच भूमीचे भाग होते याच्या पुराव्यांत ही पाने आली. शाळेत गोंडवनभूमीचा धडा शिकवताना शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

१७ फेब्रुवारीला एव्हान्स गेला. बरोबर एक वर्षापूर्वी याच तारखेला ते कोठार पुरले होते. पठारावर उतरल्यावर थंडी उणे चाळीस अंशांपर्यंत गेली. इतक्या थंडीत बर्फ निसरडे राहत नाही, कोरड्या वाळूसारखे होते. नदीच्या पात्रातून भरली गाडी ओढावी तसे. सूझन सॉलोमन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी पुढे तिथल्या हवामानाच्या नोंदी तपासून दाखवले, की त्या वर्षीचा मार्च नेहमीपेक्षा फार कडक होता. ओट्सचे पाय गोठून सडू लागले. आपल्यापायी बाकीचे मरतील हे त्याला दिसत होते. १६ किंवा १७ मार्चला तो वादळात तंबूबाहेर गेला आणि परत आला नाही. तो बत्तीस वर्षांचा होता.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली होती. चेरी-गॅरार्ड आणि रशियन हाक्या दिमित्री हे दोघे कुत्री घेऊन एक टनाच्या कोठारापाशी आले, ४ पासून १० मार्चपर्यंत थांबले, आणि परत गेले. तिथे कुत्र्यांचे खाणे साठवलेले नव्हते. स्कॉट तेव्हा शंभर किलोमीटरांहून थोडा अधिक दूर होता. कुत्री मारीत मारीत पुढे जाता आले असते. पण कुत्री जपावीत, असा हुकूम होता. हुकूम स्कॉटचाच. चेरी-गॅरार्डला हे शल्य जन्मभर पुरले.

स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स ७९ अंश ४० कला इथवर आले आणि वादळाने अडकले. कोठार २० किलोमीटर पुढे. स्कॉटच्या रोजनिशीतली शेवटची तारीख २९ मार्च. आता नकाशावर बोट ठेवून पाहा. कोठार ८० अंशांवर असते, तर ते ओलांडून हे तिघे ३७ किलोमीटर पुढे आलेले असते. तेवढ्याने ते जगले असते का? अन्न आणि तेल पोटभर मिळाले असते, वादळ निघून जाईतो टिकले असते, असे मला वाटते. पण त्यांच्या पायांची दशा पाहता पुढचे दोनशे किलोमीटर झेपलेच असते, असे शपथेवर कोण सांगेल?

हिवाळा गेला. तळावर तेरा माणसे उरली होती आणि त्यांचा पुढारी होता डॉक्टर ॲटकिन्सन. त्यांच्यापुढे पेच होता. उत्तरेला सहा जणांची एक तुकडी अडकलेली होती, ती कदाचित जिवंत असेल. दक्षिणेला गेलेले पाच तर खात्रीने मेलेले. कोणाला शोधायचे? त्यांनी मेलेल्यांना शोधायचे ठरवले, काय घडले ते घरच्यांना कळावे म्हणून. उत्तरेचे सहा जण बर्फातल्या बिळात सीलचे मांस खाऊन जगले होते. ते आपले आपणच चालत परत आले.

दक्षिणेच्या या शोधाला ओझे ओढायला आली ती आपल्याकडची जनावरे. हिंदुस्थान सरकारने सात खेचरे दिली होती, हिमालयाकडची कामाची सवय असलेली. त्यांची नावे गुलाब, राणी, बेगम, प्यारी, लालखान, खानसाहेब आणि अब्दुल्ला. त्यांच्या खुरांना बर्फावरच्या चकत्या होत्या, डोळ्यांना चकाकीपासून जपायला रंगीत चष्मेसुद्धा होते. १९१२ च्या आरंभी ती जहाजातून उतरली तेव्हा स्कॉट परतीच्या वाटेवर होता. त्याने ती कधी पाहिली नाहीत. खेचर आज्ञाधारक चालले, पण खाण्यात फार खोडीचे. दाणा पुढे केला की मान फिरवायचे, आणि चहाचा चोथा, दोर, तंबाखूची राख असले काहीतरी आवडीने खायचे.

ऑक्टोबरअखेर ती निघाली, मागून कुत्री आली. १२ नोव्हेंबरला एक टनाच्या कोठारापलीकडे, वाटेच्या थोडे बाजूला, बर्फात एक काळे टोक दिसले. आधी वाटले जुना मनोरा असेल. तो तंबू होता. आत तिघे आपापल्या झोपण्याच्या पिशव्यांत होते. ॲटकिन्सनने सगळ्यांना जमवून रोजनिशीतला ओट्सचा मजकूर वाचून दाखवला. तंबूचे बांबू काढून कापड त्यांच्यावर पांघरले, वर बर्फाचा ढीग रचला आणि दोन स्की बांधून क्रूस उभा केला.

मग खेचरे घेऊन ते आणखी दक्षिणेला गेले, ओट्सला शोधायला. त्याची पिशवी सापडली, तो सापडला नाही. तिथेही त्यांनी बर्फाचा ढीग करून चिठ्ठी ठेवली आणि जनावरांची तोंडे उत्तरेकडे वळवली. परत निघालेल्या गाड्यांवर रोजनिश्या, पत्रे आणि ते सोळा किलो दगड होते. ते दगड आता लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत.